एका ताटात अनेक गुण

रब्बी ज्वारीचे बियाणे निवडताना परभणी जिल्ह्यातील शेतकरी त्या एका पिकाकडून ज्या अपेक्षा बाळगतो, त्या कोणी कागदावर उतरविल्या, तर वाचणाऱ्यास विस्मय वाटल्यावाचून राहणार नाही. दाणा टपोरा, पांढरा आणि मोतिया झाक असलेला हवा, कारण मोंढ्यात भाव त्याच्या रूपावर ठरतो. भाकरी थापताना चिरता कामा नये आणि शिळी झाली तरी मऊ राहिली पाहिजे. कडबा उंच, पालेदार आणि गोड हवा, कारण चैत्र-वैशाखात दावणीच्या बैलांपुढे टाकण्यासाठी दुसरे काही नसते. उगवणीपासून महिनाभर रोपाने खोडमाशीला दाद देता कामा नये. आणि परतीचा पाऊस एकदा सरला की पुढे थेंबही पडणार नाही असे धरून, केवळ काळ्या जमिनीच्या पोटातील ओलीवर, कणीस भरेपर्यंत ते ताट हिरवे आणि उभे राहिले पाहिजे. यांपैकी एकही मागणी चैनीची नाही. परंतु या मागण्यांची मुळे वनस्पतीच्या आनुवंशिक संचितात एका ठिकाणी नसून अनेक ठिकाणी विखुरलेली असतात, आणि त्यांतील कित्येक परस्परांच्या आड येतात. उंच ताट वाऱ्याने लोळते. लवकर पक्व होणारे वाण कडबा कमी देते. भरघोस पिकणाऱ्या संकरित ज्वारीची भाकरी घरच्या माणसांना रुचत नाही, हे तर मराठवाड्याने संकरित ज्वारीच्या पहिल्या लाटेतच अनुभवले. असे एकमेकांशी न जुळणारे गुण एकाच रोपात नांदावयास लावणे, हा पीक-पैदासशास्त्राचा जुना ध्यास आहे आणि जनुकीय संपादन हे त्या ध्यासाच्या हाती आलेले सर्वांत नवे साधन.

या साधनाविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते, ते बहुधा प्रयोगशाळेच्या उंबरठ्याशी थांबते. मला तो विषय परभणीच्या बाजूने पाहावासा वाटतो, कारण अनेक गुण एका बियाण्यात गोळा करण्याचा उद्योग या गावात शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने 1918 साली येथे शेतीचे मुख्य प्रयोगक्षेत्र उघडले. 1956 साली कृषी महाविद्यालय आले. 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, आणि 2013 साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. या दीर्घ काळात येथून आणि विद्यापीठाच्या इतर केंद्रांतून जी वाणे बाहेर पडली, त्यांतील प्रत्येक वाण म्हणजे अनेक मागण्यांमधील एक तडजोड होय. परभणी मोती आणि परभणी ज्योती ही रब्बी ज्वारीची वाणे दाणा आणि कडबा या दोहोंचा मेळ घालण्याच्या खटपटीतून निपजली. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या केंद्राने तुरीचे बीएसएमआर 736 हे वाण दिले, ते मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढे उभे राहते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने 2018 साली आलेल्या परभणी शक्ती या ज्वारीत किलोमागे लोह सुमारे 45 मिलिग्रॅम आणि जस्त सुमारे 32 मिलिग्रॅम भरते, म्हणजे सामान्य ज्वारीहून बरेच अधिक. आणि हे साधताना उत्पन्नाला बाध येऊ दिलेला नाही.

या मालिकेतील सर्वांत बोधप्रद कथा मात्र ज्वारीची नाही, भेंडीची आहे. सत्तरच्या दशकात देशभर लावली जाणारी पुसा सावनी ही भेंडी हळद्या रोगाने हतबल झाली होती. पांढरी माशी या रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते आणि फळे पांढुरकी, राठ निघतात. खाण्याच्या भेंडीत या रोगाला तोंड देणारे रक्त सापडत नव्हते. ते होते अबेलमॉस्कस मॅनिहॉट या तिच्या दूरच्या भावंडात. परभणीचे शास्त्रज्ञ ना. दे. जांभळे आणि यो. स. नेरकर यांनी या दोन प्रजातींचा संकर घडविला, आणि रोगप्रतिकाराचा गुण एकाच प्रबळ जनुकाच्या आधीन आहे असे आपल्या अभ्यासातून दाखवून 1981 साली ते प्रसिद्ध केले. हे काम हातांनी कसे होते ते ज्याने पाहिले नाही त्याला त्यातील चिकाटीची कल्पना येणार नाही. उद्या सकाळी उमलणारी कळी आज सायंकाळी शोधावयाची, चिमट्याने तिचे आवरण हलकेच उकलून आतील पुंकेसरांचा पिवळा स्तंभ स्त्रीकेसराला इजा न करता खरवडून काढावयाचा, कळीवर कागदी पिशवी चढवून तारखेची चिठ्ठी बांधावयाची, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी नराच्या फुलातील पराग आणून तेथे लावावयाचा. एवढे करून मिळालेली पहिली संकरित संतती बव्हंशी वांझ निघते, कारण दोन प्रजातींच्या गुणसूत्रांची संख्याच मुळी जुळत नाही. जी थोडी बीजे धरतात, त्यांतून उगवलेली झाडे पुन्हा खाण्याच्या भेंडीशी संकरित करावी लागतात, म्हणजे रानटी भावंडाची लव, राठपणा आणि बेढब फळ पिढीगणिक मागे पडत जाईल आणि रोगप्रतिकाराचे ते एक जनुक तेवढे शिल्लक राहील. अशा निवडीतून जी भेंडी सिद्ध झाली, तिची माहिती 1986 साली अमेरिकेच्या हॉर्टसायन्स या नियतकालिकात परभणी क्रांती या नावाने छापली गेली. हिरवीगार, कोवळी आणि हळद्याला न डगमगणारी ही भेंडी पुढे देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. कालांतराने विषाणूच्या नव्या रूपांनी तिचाही प्रतिकार ठिकठिकाणी मोडून काढला. एका जनुकावर उभारलेल्या संरक्षणाला हा धोका कायमचाच असतो, आणि म्हणूनच एकाऐवजी दोन, तीन, चार आधार एकत्र देता येतील काय, हा प्रश्न पैदासकाराच्या मनातून कधी हटत नाही.

तो प्रश्न इतका अवघड का, हे साध्या गणितावरून उमगते. दोन वाणांचा संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत एखादा गुण शुद्ध स्वरूपात स्थिर झालेले झाड चारांत एक मिळते. दोन स्वतंत्र गुण हवे असतील तर सोळांत एक, तीन हवे असतील तर चौसष्टांत एक, पाच हवे असतील तर 1,024 मध्ये एक आणि आठ हवे असतील तर 65,536 मध्ये एक. त्यातही हवे ते जनुक एकटे येत नाही. गुणसूत्रावर त्याच्या शेजारी वसलेली नको ती जनुकेही त्याच्याबरोबर येतात, जणू बैलजोडी घ्यावयास जावे आणि विकणाऱ्याचा कर्जबाजारी गोठाही पदरी पडावा. ते शेजार तोडण्यासाठी मूळ वाणाशी पाच-सहा पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो, आणि वर्षाला एकच पीक येत असेल तर त्यात दशकाचा बहुतेक भाग खर्ची पडतो. पुढे जनुकांच्या शेजारच्या खुणा तपासून रोपावस्थेतच निवड करण्याची पद्धत आली आणि हा कालावधी काहीसा आखडला. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने आणि सीसीएमबी या संस्थेने त्या पद्धतीने सांबा मसुरी या लोकप्रिय भातात करप्याच्या जिवाणूला अडविणारी तीन जनुके एकत्र रचली. ते सुधारित वाण 2008 साली प्रसारित झाले. तीन जनुकांसाठी एवढा खटाटोप करावा लागला, आणि तीनही जनुके निसर्गात कोठे तरी तयार सापडली म्हणून तो शक्य झाला.

गुण एकत्र करण्याचा दुसरा मार्ग परभणी, मानवत, सेलू, पाथरीच्या कापूस उत्पादकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. बोंडअळीला मारक असे जिवाणूचे जनुक बाहेरून आणून कापसात बसविलेले बीटी बियाणे 2002 साली देशात मंजूर झाले. 2006 साली दोन जनुके असलेला त्याचा दुसरा अवतार आला, आणि गुलाबी बोंडअळीने दोहोंनाही पचविले, हे 2017 च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भाने बोंडे फोडून पाहिले. या प्रकरणात अळीच्या प्रतिकारशक्तीची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे नांदेड 44 हे संकरित वाण मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत नावाजलेले होते. रसशोषक किडींना ते सहजी बळी पडत नसे आणि पाण्याचा ताण सोसत असे. बीटी गुण खासगी कंपन्यांच्या वाणांतून बाजारात आला आणि नांदेड 44 मध्ये तो नव्हता, एवढ्या एका कारणाने ते शिवारातून हटले. त्याचे बीटी रूप विद्यापीठ आणि महाबीज हे राज्याचे बियाणे महामंडळ यांच्या प्रयत्नांतून तयार होईपर्यंत बरीच वर्षे लोटली होती आणि शेतकऱ्याला खासगी कंपन्यांचेच बियाणे घेण्याची सवय जडली होती. नवा गुण ज्याच्या हाती, त्याच्याच वाणात तो बसतो. आणि मग जुन्या वाणातील दहा चांगले गुण एका नव्या गुणासाठी गमावले जातात. जनुकीय संपादनाचा विचार करताना परभणीने हा अनुभव डोळ्यांआड करता कामा नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला आनुवंशिक लेख असतो; ज्वारीच्या लेखात सुमारे 73 कोटी अक्षरे दहा गुणसूत्रांच्या जोड्यांत विभागलेली आहेत, आणि हा लेख 2009 साली प्रथम समग्र वाचला गेला. जिवाणू आपल्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या लेखाचे तुकडे स्वतःच्या दप्तरात जपून ठेवतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्या तुकड्यावरून ओळख पटवून त्याचा लेख मधोमध तोडतात. या यंत्रणेतील कॅस 9 हे प्रथिन हव्या त्या ठिकाणी पाठवून तेथे छेद देता येतो, हे इमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी 2012 साली दाखविले; 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. प्रथिनाला ठिकाण सांगण्याचे काम आरएनएचा एक छोटा धागा करतो, ज्यातील 20 अक्षरे त्या ठिकाणाशी जुळणारी असतात. छेद झाला की पेशी तो सांधण्याची घाई करते, त्या घाईत एखाद-दुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे येते, आणि त्या जनुकाचे कार्य बंद पडते किंवा मंदावते. अखेरीस निवडलेल्या रोपात बाहेरच्या सजीवाचे काही उरलेले नसते. शेतात आपोआप घडणाऱ्या उत्परिवर्तनासारखाच हा बदल असतो, फक्त तो कोठे घडावा हे माणसाने आधी ठरविलेले असते.

अनेक गुणांच्या दृष्टीने या साधनाचे खरे सामर्थ्य असे की कॅस 9 हे प्रथिन तेच राहते आणि ठिकाण सांगणारे धागे मात्र हवे तितके देता येतात. चार, सहा, आठ धाग्यांचा मजकूर एकापुढे एक जोडून, मध्ये पेशी आपण होऊन तोडील असे दुवे घालून, ती सारी रचना एकाच वेळी रोपाच्या पेशीत पोहोचविता येते. 2015 साली भातात ही युक्ती यशस्वी झाली आणि तेव्हापासून ती सर्रास वापरात आहे. पेशी उती संवर्धनाच्या काचपात्रात वाढते, तिच्यातून रोप उगवते, आणि त्या रोपात सर्व ठिकाणचे बदल एकत्र आढळण्याची शक्यता मोठी असते. बदल घडवून झाला की ती रचना रोपात ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. ती ज्या गुणसूत्रावर बसली असेल तेथून पुढच्या पिढीत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या झाडांत ती आपोआप गळून जाते, आणि शास्त्रज्ञ तीच झाडे निवडतात. आठ गुणांसाठी 65,536 झाडे चाळण्याचा तो जुना प्रसंग येथे येत नाही, आणि शेतकऱ्याला प्रिय असलेले वाण बाकी सर्व बाबतींत जसेच्या तसे राहते. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून मोलाची आहे.

अर्थात निसर्ग कोणतीही सवलत फुकट देत नाही. गव्हाच्या भुरी रोगाची कथा या संदर्भात मुळातून समजून घेण्याजोगी आहे. गव्हाच्या पेशीत तीन पूर्वजांचे लेख एकत्र नांदतात, त्यामुळे प्रत्येक जनुक साधारणतः तीन प्रतींत असते. भुरीला वाट करून देणाऱ्या एमएलओ या जनुकाच्या तीनही प्रती निसर्गात एकाच वेळी निकामी होणे जवळपास अशक्य. चीनमधील विज्ञान अकादमीच्या काओ त्साइशिआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली त्या तीनही प्रती संपादनाने बंद केल्या आणि गहू भुरीमुक्त झाला. परंतु ती झाडे अकाली पिवळी पडू लागली आणि उत्पन्नही घटले, कारण ते जनुक केवळ बुरशीच्या सोयीसाठी तेथे बसलेले नव्हते; झाडाच्या वाढीतही त्याचा हात होता. पुढे असंख्य रोपे तपासताना त्यांना एक असे रोप गवसले, की ज्यात छेदाच्या वेळी सुमारे तीन लाख अक्षरांचा तुकडा गळून गेला होता, त्यामुळे शेजारचे दुसरे एक जनुक अधिक कार्यशील झाले होते, आणि रोगप्रतिकारही होता आणि वाढही निकोप होती. ती संगती उलगडून 2022 साली त्यांनी तिचा वृत्तान्त नेचरमध्ये प्रसिद्ध केला. दोन घटनांमध्ये आठ वर्षे गेली. छेद देण्यास काही दिवस पुरतात. छेदाचा झाडाच्या संसारावर काय परिणाम होतो हे कळण्यास हंगामामागून हंगाम द्यावे लागतात, आणि एका रोपात पाच बदल एकदम केले असतील तर कोणता परिणाम कोणत्या बदलाचा हे निवडून काढणे अधिकच अवघड.

आपल्या देशात या विद्येला कायद्याची वाट 2022 साली मोकळी झाली. परकीय जनुक ज्यात शिल्लक नाही अशा संपादित रोपांना, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यांना एसडीएन 1 आणि एसडीएन 2 म्हणतात त्या वर्गांना, 1989 च्या जैवसुरक्षा नियमांतील 7 ते 11 या कलमांतून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 30 मार्च 2022 च्या ज्ञापनाने सूट दिली. संस्थेच्या स्वतःच्या जैवसुरक्षा समितीपुढे परकीय जनुक नसल्याचा पुरावा ठेवावा लागतो. बीटी वाणांप्रमाणे दिल्लीच्या दप्तरात वर्षानुवर्षे अर्ज पडून राहण्याची पाळी येत नाही. त्यानंतर 4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताची दोन संपादित वाणे जाहीर केली. पहिले कमला, म्हणजे डीआरआर धान 100. ते त्याच सांबा मसुरीपासून सिद्ध झाले, जिच्यात पूर्वी तीन जनुके रचण्यासाठी एवढे कष्ट पडले होते. ओंबीतील दाण्यांची संख्या आवरून धरणारे एक जनुक त्यात मंद केले आहे. उत्पन्न सुमारे 19 टक्क्यांनी वाढते आणि पीक सुमारे 20 दिवस आधी तयार होते असे चाचण्यांत आढळले. दुसरे पुसा डीएसटी राइस 1, एमटीयू 1010 या वाणापासून निपजलेले, ते खारवट आणि चोपण जमिनीत अधिक तग धरते. ही दोन्ही एकेका जनुकाच्या बदलाची वाणे आहेत. अनेक बदलांची मालिका त्यांच्यानंतर यावयाची आहे.

परभणीच्या शिवारात भात अपवादानेच दिसतो, म्हणून आपल्याला विचारावयाचे ते ज्वारीविषयी. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात 2018 साली ज्वारीवर झालेला एक प्रयोग आपल्या ताटातील भाकरीशी थेट नाते सांगतो. ज्वारीच्या दाण्यातील मुख्य प्रथिन काफिरिन हे पचनास जड, शिजविल्यावर तर आणखीच जड. आणि त्यात लायसिन या आवश्यक घटकाची उणीव. काफिरिनच्या एका गटाची जनुके वीसच्या आसपास प्रतींत एकमेकांना लागून वसलेली आहेत. त्या सर्वांत समान असलेला मजकूर हेरून संशोधकांनी एकाच मार्गदर्शक धाग्याने त्यांतील अनेक प्रती एकदम बदलल्या, आणि दाण्यातील लायसिन वाढले, प्रथिनाची पचनसुलभताही वाढली. परभणी शक्तीसारख्या लोह-जस्तसमृद्ध वाणात असा बदल साधला, तर कष्टकरी घरातील लेकरांच्या आहाराला किती आधार मिळेल, हे सांगावयास नको. तथापि पूर्वी उत्परिवर्तनातून मिळालेल्या अधिक लायसिनच्या ज्वारीचा दाणा पिठूळ आणि मऊ निघाला होता, आणि मऊ दाण्याला बुरशी लवकर लागते. तेव्हा पोषणाचा गुण मिळविताना दाण्याचा कठीणपणा आणि मोतिया झाक गमावली जाणार नाही, याची खातरजमा परभणीच्याच हवेत व्हावयास हवी.

खोडमाशीचे प्रकरण मात्र निराळे आहे. ही माशी कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला लांबट पांढरे अंडे घालते. पहाटे अंडे फुटून निघालेली अळी पानावरच्या ओलाव्यातून सरपटत पोंग्यात शिरते आणि वाढीचा कोंबच कातरते. मधला पोंगा वाळतो, ओढला तर अलगद हाती येतो आणि त्याच्या बुडाला कुजकट वास येतो. शेतकरी यालाच पोंगेमर म्हणतो. ज्या वाणांची रोपे चकचकीत पानांची असतात, ज्यांच्या पानांखाली बारीक लव असते आणि पोंग्यात दहिवर कमी साठते, ती या अळीला अडवितात. परंतु हे संरक्षण एका जनुकाचे नाही. कितीतरी जनुकांच्या अल्प-अल्प वाट्यांची ती बेरीज आहे, आणि त्यांतील पुष्कळशा जनुकांचे नेमके ठिकाण अद्याप नीट हाती लागलेले नाही. दाणा भरताना ताट हिरवे ठेवण्याच्या गुणाची चार मुख्य ठिकाणे गुणसूत्रांवर दाखविता येतात, तरी त्या प्रत्येक ठिकाणी जनुकांची मोठी वस्ती आहे. संपादनाचे साधन कितीही तीक्ष्ण असले तरी कोणते जनुक बदलावयाचे हे त्याला ठाऊक नसते. ते ज्ञान येते शेतातल्या ओळींमधून, हजारो ताटांच्या नोंदींतून आणि जुनी देशी वाणे जपून ठेवणाऱ्या संग्रहांतून. म्हणून जनुकीय संपादन आले की पैदासकाराचे काम संपेल, असे जे कधी कधी ऐकू येते, ते मला मुळीच पटत नाही. त्याच्या वहीशिवाय हे साधन आंधळे आहे.

ज्वारीत आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. काचपात्रातील पेशीपासून सबंध रोप उगवून आणणे भाताच्या मानाने ज्वारीत फार चिवट काम, आणि त्यातही वाणावाणांत मोठा फरक. वाढीला चालना देणारी काही जनुके तात्पुरती वापरून ही अडचण बरीच दूर करता येते, असे 2016 पासून मका आणि ज्वारीत दिसून आले, परंतु त्या पद्धतीची मालकी बड्या कंपनीकडे आहे. कॅस 9 च्या व्यापारी उपयोगासाठीही परवाना घ्यावा लागतो. या बाबतीत कटकच्या तांदूळ संशोधन संस्थेचे काम मला आशादायक वाटते. तेथील शास्त्रज्ञांनी टीएनपीबी नावाच्या प्रथिनाने भातात संपादन करून त्याचा वृत्तान्त 2024 साली प्रसिद्ध केला. कॅस 9 मध्ये 1,368 घटकांची साखळी असते तर यात सुमारे 400 घटकांची; आकार लहान म्हणून ते पेशीत नेणे सोपे, आणि परक्या मालकीचा पाश सैल होण्याचीही त्यात शक्यता आहे.

बियाण्याच्या हक्काचा प्रश्न येथे येऊन भिडतो. रब्बी ज्वारीत आपल्याकडे आजही सरळ वाणांचे प्राबल्य आहे. चांगली कणसे खळ्यावरच बाजूला काढून, राखेत घोळवून, पुढच्या पेऱ्यासाठी ठेवणारी घरे जिल्ह्यात अजून आहेत. 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि नाममुद्रेशिवाय विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. संपादित गुण जर सार्वजनिक विद्यापीठाच्या सरळ वाणात बसविले गेले, तर तो हक्क अबाधित राहून नवा गुण शेतकऱ्याच्या कणगीत उतरेल. ते गुण केवळ खासगी संकरित वाणांतून आले, तर नांदेड 44 च्या वाट्याला जे आले ते परभणी मोतीच्या वाट्याला येण्यास फार काळ लागणार नाही. यासाठी संपादनाची प्रयोगशाळा, तीत काम करणारी माणसे आणि परवान्यांच्या वाटाघाटी यांची तजवीज राज्य सरकारने आणि कृषी अनुसंधान परिषदेने आजच करावयास हवी.

आणि चाचण्यांचे निकष ठरवितानाही आपल्या मुलखाची गरज पुढे मांडली पाहिजे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे ज्वारी केंद्र परभणीत आहे. तेथे वाणांची तुलना हंगामोहंगाम होते. पाच बदल एकत्र केलेली ज्वारी उद्या तेथे आली, तर तिच्या दाण्याच्या क्विंटलांबरोबरच हेक्टरी कडबा किती निघाला, तो जनावरांनी खाल्ला की उष्टा टाकला, उशिरा पेरलेल्या तुकड्यात पोंगेमर शेकडा किती झाली, पावसाने दगा दिलेल्या वर्षी किती ताटे खडखड्या रोगाने आडवी झाली आणि गंगाखेड-पालमच्या बायकांनी तिची भाकरी थापून काय मत दिले, हे सर्व त्या एकाच तक्त्यात, दाण्याच्या उत्पन्नाच्या शेजारच्या रकान्यांत नोंदले गेले पाहिजे.